कुत्र्यांवर वाद झाला, सीरमचे कोण विचारणार?

७ नोव्हेंबर या तारखेचे महत्त्व सातारकरांना वेगळे सांगावे लागत नाही. १९०० साली याच दिवशी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये दाखल झाले. राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. २०२५ सालच्या याच तारखेला, इकडे विद्यार्थी दिवस साजरा होत असताना, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांबद्दल एक आदेश दिला. शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, एसटी आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री पकडावीत, त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना निवारा केंद्रात ठेवावे आणि पुन्हा त्याच जागी सोडू नये, असा तो आदेश.

पुढे वाहिन्यांवर काय चालले ते सर्वांनी पाहिले. एका बाजूला कुत्र्यांना खाऊ घालणारे, दुसऱ्या बाजूला कुत्र्यांना वैतागलेले. खरे तर ऑगस्टपासून हेच सुरू होते. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातील सगळी भटकी कुत्री उचलण्यास सांगितले. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी तो आदेश बदलला आणि पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची लसीकरण करून मूळ जागी सोडावीत, असे ठरवले. प्रत्येक वेळी रडणारे वेगळे, पेढे वाटणारे वेगळे. या गदारोळात ७ नोव्हेंबरच्या आदेशातल्या आणखी दोन सूचनांकडे कोणी फिरकले नाही. पहिली सूचना अशी की, सर्व सरकारी आणि खासगी रुग्णालयांनी रेबीजची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन, ज्याला आपल्याकडे सीरम म्हणतात, यांचा साठा कायम ठेवला पाहिजे. दुसरी अशी की, प्राण्यांशी कसे वागावे आणि चावा बसल्यास पहिल्यांदा काय करावे, हे शाळाशाळांतून मुलांना शिकवले पाहिजे.

आमच्या मते सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील आपल्या माणसांसाठी आदेशाचा गाभा या दोन सूचनांत आहे. कुत्र्यांसाठी निवारे बांधायला वर्षे लागतील, त्यांची टेंडरे निघतील, त्यावर पुन्हा दावे होतील. तोवर चावे बसत राहणार. चावा बसलेले पोर जगते की जाते, हे पुढच्या काही तासांत आणि पुढच्या अठ्ठावीस दिवसांत ठरते.

रेबीज हा आजार वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून कळलेला आहे. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली आणि तो मुलगा वाचला. पाश्चर यांचा स्मृतिदिन २८ सप्टेंबर हा आज जागतिक रेबीज दिन आहे. म्हणजे १४० वर्षे या आजारावर उपाय माणसाच्या हातात आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने मरतात. त्यातली बहुतेक आशिया आणि आफ्रिकेतली, गरीब घरांतली, खेड्यांतली. चावा बसणाऱ्यांत सुमारे चाळीस टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात.

एकदा लक्षणे दिसली की औषध नाही. चावलेल्या जागी मुंग्या येतात, ताप येतो, मग घोटभर पाणी पाहिले तरी घशाला आचके बसतात, वाऱ्याची झुळूकसुद्धा सोसत नाही. काही रुग्णांत यातले काहीच होत नाही, फक्त अंग लुळे पडत जाते, त्यामुळे घरच्यांना आणि कधी डॉक्टरांनाही लवकर उलगडा होत नाही. काही दिवसांत सगळे संपते. पण लक्षणे दिसण्यापूर्वी, म्हणजे विषाणू जखमेतून नसांच्या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वी, त्याला अडवता येते. हा काळ बहुतेकदा एक ते तीन महिन्यांचा असतो, कधी आठवड्याभराचा, क्वचित वर्षाहून अधिक. चावा डोक्याला, चेहऱ्याला किंवा हाताच्या बोटांना असेल तर वेळ कमी मिळतो. लहान मुलाची उंचीच अशी की कुत्रा थेट तोंडाला लागतो.

आता आकड्यांकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात ३७ लाखांहून अधिक श्वानदंश नोंदले गेले. महाराष्ट्राचा वाटा ४ लाख ८५ हजारांच्या घरात, देशात सर्वांत वरचा. त्याच वर्षी रेबीजचे संशयित मृत्यू किती? संपूर्ण देशात ५४. हा आकडा वाचून कोणालाही वाटेल की आजार जवळपास संपलाच. पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने घरोघर पाहणी करून काढलेला अंदाज लॅन्सेटच्या संसर्गजन्य आजारांवरील मासिकात आला. तो सांगतो की देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि रेबीजने सुमारे ५,७०० माणसे मरतात. म्हणजे सरकारदरबारी एक मृत्यू लिहिला जातो तेव्हा शंभराच्या आसपास मृत्यू कागदावर येतच नाहीत.

हे मृत्यू जातात कुठे? ते घरी होतात. रुग्णालयात नेल्यावर डॉक्टर सांगतात की आता काही उपयोग नाही, घरी घेऊन जा. नातेवाईक घेऊन जातात. मेंदूच्या नमुन्याची तपासणी होत नाही, मृत्यूच्या दाखल्यावर रेबीज लिहिला जात नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्येच सर्व राज्यांना पत्र लिहून माणसातील रेबीज हा नोंद बंधनकारक असलेला आजार करण्यास सांगितले होते. ज्याची मोजदाद होत नाही त्याच्यासाठी निधी मागता येत नाही, हे आपल्या चळवळीला कोणी शिकवायला नको. जनगणनेतल्या रकान्यांवरून आपण किती लढाया लढलो! रेबीजने गेलेल्या माणसाचा रकानाही तसाच आहे.

त्याच पाहणीतली दुसरी माहिती आमच्या दृष्टीने अधिक बोचरी आहे. कुत्रा चावलेल्या दर पाच जणांपैकी एकाने लसीचा एकही डोस घेतला नव्हता. आणि ज्यांनी पहिला डोस घेतला, त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांनी पुढचे डोस पूर्ण केले नव्हते. हे लोक निष्काळजी होते, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. सातारा-सांगलीच्या नकाशावर बोट ठेवून पाहिले की वेगळेच दिसते.

सरकारी दवाखान्यात आज लस कातडीत टोचतात. पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, दोन्ही दंडांत थोडी थोडी. चावा ज्या दिवशी बसला असेल तो असो, पहिली टोचणी झाली तो दिवस शून्य धरून पुढचे दिवस मोजायचे. म्हणजे चार खेपा. शहरात दुचाकीवर जाऊन यायला अर्धा तास लागतो. कांदाटी खोऱ्यातल्या माणसाला शिवसागर जलाशय लाँचने ओलांडून तापोळ्याला यावे लागते. जत तालुक्याच्या पूर्व टोकाच्या गावांपासून सांगली-मिरज शंभर किलोमीटरहून लांब. खेप चार, रोजगार बुडाला चार दिवसांचा, आणि मुलाला चावले असेल तर आई किंवा बाप सोबत हवाच.

ऊसतोडीच्या टोळ्यांचे तर याहून अवघड. कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर, सोलापूर आणि आपल्याच जतच्या दुष्काळी पट्ट्यातून टोळ्या कृष्णाकाठी येतात. फडाच्या कडेला कोप्या पडतात. पहाटे अंधारात आईबाप फडात आणि पोरे कोपीत एकटी. त्याच कडेला कुत्री, उसात कोल्हे. चावा बसला तर मुकादमाला विचारल्याशिवाय निघता येत नाही. एक दिवस कामावर गेले नाही की खाडा लागतो, तो उचलीतून वळता होतो. त्यातून पहिला डोस कऱ्हाडच्या बाजूला घेतला आणि सातव्या दिवशी टोळी वाळव्याला हलली, तर पुढची सुई कुठे घ्यायची हे सांगणारे कोणी नसते. खरे तर हातात लसीचा कागद असला की पुढचा डोस कोणत्याही सरकारी दवाखान्यात मागता येतो. हा कागद भिजतो, हरवतो. मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवणे, एवढे साधे काम आहे. मेंढपाळांचेही तेच. माण-खटाव, आटपाडीची कुटुंबे कळपाबरोबर महिनोन्‌महिने वाटेवर असतात आणि त्यांची कुत्री त्यांच्यासोबत.

आपल्या वस्त्यांचे काय? गावकुसाबाहेरची वस्ती आणि गावाचा उकिरडा हे जुने शेजारी आहेत. चिकन-मटणाच्या दुकानांचा कचरा, मंगल कार्यालयांतले खरकटे जिथे पडते तिथे कुत्र्यांचे कळप वाढतात. ती जागा बंगल्यांच्या कॉलनीत क्वचितच असते. पहाटे झाडलोट करणारे सफाई कामगार, भंगार वेचणाऱ्या बाया, पायी शाळेत जाणारी मुले, रात्रपाळीहून परतणारे मजूर, कुत्र्यांशी यांचीच गाठ पडते. कुत्रा जात पाहून चावत नाही, हे खरे. पण कचरा कोणाच्या दारात टाकायचा हे गाव जात पाहूनच ठरवत आले आहे.

आता सीरमबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण सुशिक्षित घरांतही याविषयी अंधार आहे. लस टोचली म्हणजे झाले, असे बहुतेकांना वाटते. लस शरीराला रेबीजशी लढणारे सैनिक तयार करायला शिकवते, पण ही भरती पूर्ण व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर तोवर विषाणू नसेत शिरलेला असू शकतो. सीरम म्हणजे तयार सैनिक. ते जखमेतच उतरवायचे असतात, म्हणजे जखमेच्या आत आणि भोवती टोचायचे. त्याचे प्रमाण माणसाच्या वजनावर ठरते. पहिल्या लसीच्या दिवशीच ते मिळावे. राहून गेले तर सातव्या दिवसापर्यंत देता येते, त्यानंतर त्याचा उपयोग नाही.

कोणाला काय लागते, याचे सूत्र डॉक्टर तीन प्रकारांत सांगतात. नुसता स्पर्श किंवा धडधाकट कातडीला चाटणे: जागा धुवा, बाकी काही नको. रक्त न येता ओरखडा किंवा दातांचा हलका चावा: लस. रक्त आलेला चावा किंवा ओरखडा, जुन्या जखमेवर किंवा तोंडाडोळ्यात लाळ जाणे, कोल्हा-लांडग्यासारख्या रानटी प्राण्याचा चावा: लस आणि सीरम दोन्ही. रक्ताचा एक थेंब दिसला तरी तो तिसराच प्रकार.

आणि हे सीरम मिळते कुठे? आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्याच दुसऱ्या पाहणीत देशातील चारशेहून अधिक आरोग्य संस्था तपासल्या गेल्या. त्यांतल्या सरकारी संस्थांपैकी दर पाचांतील चार ठिकाणी लस होती, सीरम मात्र पाचांतून एकाच ठिकाणी. त्यामुळे तालुक्याच्या दवाखान्यातून "सिव्हिलला जा" ही चिठ्ठी मिळते. सातारचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीचे वसंतदादा पाटील रुग्णालय, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ही ती ठिकाणे. चिठ्ठी हातात घेऊन किती जण खरोखर तिथे पोहोचतात? लस टोचली आहे, जखमही भरत आली आहे, मग भाडे खर्चून कशाला जायचे, असे घरात ठरते. एप्रिल आणि मे २०२५ मध्ये केरळमध्ये लस सुरू असतानाही मुले दगावली. त्यांतल्या एका मुलीला चावा डोक्याला बसला होता. आरोग्यसेवेबद्दल ज्या राज्याचे नाव घेतले जाते तिथे हे होत असेल, तर आपण जत आणि पाटणबद्दल निर्धास्त कसे राहायचे?

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये सीरमला पर्याय म्हणून प्रयोगशाळेत तयार केलेले प्रतिपिंडाचे औषध बाजारात आणले. घोड्यांच्या किंवा माणसांच्या रक्तावर ते अवलंबून नाही. म्हणजे साताऱ्याच्या शेजारच्या जिल्ह्यात हे औषध बनते. ते कांदाटी खोऱ्याच्या जवळच्या आरोग्य केंद्रात असावे, ही मागणी अवाजवी नाही.

चाव्यानंतरच्या पहिल्या पंधरा मिनिटांना मात्र सरकार लागत नाही. वाहते पाणी आणि साबण. कपड्याचा, भांड्यांचा, कोणताही साबण चालतो. घड्याळ लावून पंधरा मिनिटे जखम धुवायची. विषाणूचे कवच साबणाने फुटते, म्हणून यावर एवढा भर. त्यानंतर जखम उघडी ठेवायची, घट्ट पट्टी नको आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय टाके नकोत. आपल्याकडे होते काय, तर तिखट भरतात, चुना लावतात, तेल ओततात, बिब्ब्याचा चटका देतात. आग झाली म्हणजे विष जळाले, अशी समजूत. प्रत्यक्षात जखम चिघळते आणि धुण्याची वेळ निघून जाते. मग उतारा, गंडा, कुठल्याशा गावच्या माणसाचे झाडपाल्याचे औषध. ज्यांच्या औषधाने "गुण आला" त्यांतल्या बहुतेकांना चावलेले कुत्रे मुळात पिसाळलेले नसते, एवढेच त्यातले रहस्य. अंधश्रद्धेविरुद्ध आपण भाषणे खूप देतो. कुत्रा चावल्यावर आपल्याच वस्तीतली आजी तिखटाचा डबा काढते तेव्हा साबण घेऊन कोण उभे राहते, हा आमच्या दृष्टीने भाषणापेक्षा मोठा प्रश्न आहे.

एका जुन्या भीतीचाही हिशेब चुकता करायला हवा. "पोटात चौदा इंजेक्शने" हे वाक्य अजून घराघरांत आहे. ते खोटे नव्हते. मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली सेंपल लस कसौलीच्या संस्थेत १९११ मध्ये निघाली आणि पुढे नव्वदहून अधिक वर्षे भारतात हीच लस गरिबांच्या वाट्याला आली. तिचे दुष्परिणामही होते. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी नवी लस खूप आधीपासून घेतली. जुनी लस बंद व्हायला २००४-०५ उजाडले. आज ती भीती बाळगण्याचे कारण नाही. सुई दंडात, लहान बाळाला मांडीत. गरोदर बाईलाही लस देता येते, अंगावर पाजणाऱ्या आईलाही. पथ्य कसलेही नाही. चावून आठवडे उलटले असले तरी जाऊन लस घ्यायची, उशीर झाला म्हणून घरी बसायचे नाही.

"कुत्रा घरचाच आहे", "पिल्लू होते, जरासा दात लागला" ही दोन वाक्ये सर्वांत घातक. २०२५ च्या जूनमध्ये उत्तर प्रदेशात बुलंदशहरच्या एका तरुण कबड्डीपटूचा रेबीजने मृत्यू झाला. नालीत पडलेले पिल्लू वाचवताना त्याच्या बोटाला किंचित दात लागला होता. त्याने लस घेतली नाही. करुणा होती, माहिती नव्हती. कुत्रा ओळखीचा असेल तर लस लगेच सुरू करून दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवायची. तो दहा दिवसांनी ठणठणीत असेल तर पुढे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील. थांबून पाहू आणि मग लस घेऊ, हा क्रम उलटा आहे.

कृष्णा-वारणेच्या दुधाच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. गायी-म्हशीला पिसाळलेला कुत्रा चावतो आणि काही आठवड्यांनी जनावर लाळ गाळू लागते, गिळता येत नाही, आवाज बदलतो. घशात काही अडकले म्हणून घरधनी तोंडात हात घालतो. धोका तिथे आहे. हातावर खरचटलेले असेल तर तो चाव्याइतकाच गंभीर प्रकार. उलट अशा जनावराचे दूध प्यायलेल्या गावभर घबराट पसरते आणि दवाखान्यापुढे रांग लागते. उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही. त्या रांगेत लस संपते आणि ज्याने तोंडात हात घातला तो गडी गोठ्यातच राहतो. गडी बहुधा आपल्यातलाच असतो.

कुत्र्यांचे काय करायचे, या प्रश्नाला बगल देण्याचा आमचा हेतू नाही. मारून प्रश्न सुटत नाही, हे नैतिक मत बाजूला ठेवून हिशेबानेही दाखवता येते. मुंबईत इंग्रजांनी कुत्री मारायचा हुकूम काढला आणि त्यावरून जून १८३२ मध्ये पारशांनी दंगल केली. तेव्हापासून मारण्याचे प्रयोग होत आले, रेबीज गेला नाही. एक टोळी संपली की कचरा तिथेच असतो, त्यावर दुसरी, लस न टोचलेली टोळी येते. परिसरातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली तर मात्र विषाणूची साखळी तुटते. शेजारच्या गोव्याने हे करून दाखवले. २०१४ पासून तिथे गावोगाव पथकांनी जाळ्यांनी कुत्री पकडून, टोचून, तिथल्या तिथे सोडली. वर्षाला लाखाच्या जवळपास कुत्री. शाळांतून मुलांना धडे दिले, संशयित कुत्र्याची खबर देण्यासाठी फोन ठेवला. २०२२ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलेल्या अभ्यासानुसार कुत्र्यांमधील रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले.

गोवा लहान आहे, हा आक्षेप रास्त. २०११ च्या जनगणनेनुसार सातारा-सांगलीची लोकसंख्या ५८ लाख, गोव्याच्या चौपट. क्षेत्रफळ पाचपट. पण आपल्याकडे जे आहे ते गोव्याकडे नव्हते. खंडाळा तालुक्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गंमत म्हणजे त्याचेही नाव क्रांतिसिंह नाना पाटील यांचेच, जे सातारच्या सिव्हिलचे. माणसांचा दवाखाना आणि जनावरांचे कॉलेज, दोन्हींवर एकच नाव, पण रेबीजच्या बाबतीत दोघांनी मिळून एक योजना आखावी असा आग्रह कोणी धरलेला नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळा, जिल्हा परिषदेच्या शाळा, हे जाळे तर दोन्ही जिल्ह्यांत वाडीपर्यंत पसरले आहे. न्यायालयाने सांगितलेला मुलांचा धडा द्यायला यापेक्षा चांगली जागा नाही. धावू नका, झाडासारखे स्तब्ध उभे राहा, खाणाऱ्या आणि पिल्लांजवळच्या कुत्रीला छेडू नका, ओरखडा आला तरी घरी सांगा, कोणी रागावणार नाही. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, कारण मुले माराच्या भीतीने चावा लपवतात.

शिरवळपासून नायगाव जवळच. तिथे जन्मलेल्या सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि त्याच साथीत १० मार्चला गेल्या. जयंतीला आपण त्यांच्या शाळेविषयी बोलतो, या दवाखान्याच्या वाटेविषयी कमी. आज पाठीवर न्यायची वेळ नाही. १०८ ची गाडी आहे, दुचाकी आहे, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. हवा आहे तो सोबत जाणारा माणूस. प्रत्येक वस्तीत दोघा-तिघांनी ठरवून घ्यावे की चावा बसला की आपल्याला फोन येईल. साबणापासून सीरमपर्यंत सोबत राहायचे, कागदाचा फोटो ठेवायचा आणि तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा दिवस आपल्या मोबाईलमध्ये लावायचा. टोळी हलली तर पुढच्या गावातल्या आपल्या माणसाला कळवायचे. या कामाला ना पावती पुस्तक लागते ना बॅनर.

दुसरे काम कागदाचे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे अर्ज करायचा. विचारायचे ते असे: गेल्या बारा महिन्यांत प्रत्येक केंद्रात लस किती दिवस शिल्लक नव्हती? सीरमच्या किती कुप्या आल्या, किती वापरल्या? तिसऱ्या प्रकारचे चावे किती नोंदले आणि त्यांतल्या किती जणांना सीरम मिळाले? किती जणांचा चौथा डोस पूर्ण झाला? सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेला आणि नगरपालिकांना वेगळे विचारायचे, की निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्यांपैकी कितींना रेबीजची लस टोचली आणि पुढच्या वर्षी पुन्हा टोचली का? उत्तर तीस दिवसांत यावे लागते. गाळप हंगाम संपून टोळ्या परत जायच्या आत ही उत्तरे हातात आली, तर कोणत्या केंद्रात सीरम आणि कोणत्या फडापासून ते किती लांब, हे गावाच्या ग्रामसभेत नावानिशी मांडता येईल.